तात्या सोडला तेव्हा

२१ डिसेंबर २०१९, शनिवार. संध्याकाळी साडेसातला पॅकअप झालं. तात्याचा, म्हणजे मालिकेतल्या माझ्या पात्राचा, पायजमा, सदरा, टोपी आणि खांद्यावरची दस्ती मी घडी घालून ड्रेसदादांच्या हातात दिली. त्यांनी ती एका पिशवीत भरून खुंटीला अडकवली. पिशवीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मार्करनं 'तात्या' लिहिलेलं होतं. अडीच वर्षांत माझं नाव त्या पिशवीवर कधीच नव्हतं, म्हणून पट्टी बदलायचीही गरज पडली नाही. सोमवारी तीच पिशवी दुसऱ्या माणसाच्या हातात जाणार होती.

मालिका का सोडली, हे मला परभणीत, सेलूत, गाडीत, लग्नात, मयतीत सगळीकडं विचारलं गेलं आहे. मी दरवेळी दोन वाक्यांत उत्तर दिलं: सिनेमा आला होता, तारखा जुळेनात. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. आज सगळं सांगतो.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला. चार एकर वावर, कापूस नाहीतर सोयाबीन, पाऊस पडला तर तूर. नाटकाचं वेड शाळेच्या गॅदरिंगपासून, आणि त्या वेडापायीच मी औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात गेलो. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण माझ्या तिथल्या दिवसांचं नाव औरंगाबादच.) कमलाकर सोनटक्के, लक्ष्मण देशपांडे यांनी घडवलेला तो विभाग. देशपांडे सरांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली आणि त्यांतली गावाकडची माणसं आमच्याकडच्या बोलीत जगभर बोलली. मी विभागात गेलो तेव्हा सर नव्हते, २००९ सालीच गेले होते. पण तिथल्या कट्ट्यावर बसणाऱ्या प्रत्येक पोराला एवढं ठाऊक होतं की आपल्या मायच्या तोंडची भाषा रंगमंचावर लाजायची गोष्ट नाही.

मुंबईत गेल्यावर ते उलटं झालं. पहिली तीन वर्षं ऑडिशनला उभं राहिलो की समोरून एकच सूचना यायची, "भाषा जरा साफ करा." केली. मग गावातल्या पात्रासाठी बोलावलं की म्हणायचे, "आता गावाकडचं बोला." मी आमच्याकडचं बोललो की म्हणायचे, "असं नाही, गावाकडचं." त्यांच्या लेखी गाव म्हणजे सातारा-कोल्हापूर. त्यात त्या भागाचा काही दोष नाही. तिकडं मालिकांची शूटिंग होतात, तिकडचे नट जास्त आहेत, लोकांच्या कानाला ते वळण बसलं आहे. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याचं बोलणं मोठ्या पडद्यावर नेलं, लोकांनी ते डोक्यावर घेतलं. तरी रोज रात्री घरात येणाऱ्या मालिकेत आमच्यासारखं बोलणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही.

जून २०१७ मध्ये मला तात्या मिळाला. नायिकेचा थोरला दीर. वय पंचेचाळीस, माझं तेव्हा तीस. आठवड्याला तीन-चार सीन. दिवसाला सहा हजार रुपये, बारा तासांची शिफ्ट, दहा टक्के टीडीएस कापून, आणि पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे जूनमध्ये घाम गाळायचा आणि ऑक्टोबरात खात्यात बघायचं. पहिले तीन महिने मी एका मित्राच्या खोलीत उधारीवर राहिलो.

पहिल्या दिवशीचं वाक्य कागदावर असं होतं: "काय करतोयस रं?" मी रिहर्सलला तसंच म्हटलं. टेकला तोंडातून आलं, "काय करायलास?" दिग्दर्शकांनी कट म्हटलं नाही. सीन संपल्यावर जवळ आले आणि म्हणाले, "हे कुठलं?" म्हणलं, "परभणीचं." म्हणाले, "राहू दे."

त्या दोन शब्दांनी माझी अडीच वर्षं घडवली. संवाद लिहिणाऱ्या ताई पुण्याच्या. त्या रात्री अकराला फोन करायच्या, "उद्या तात्याला राग येणार आहे, तुमच्याकडं कसा येतो?" मला सगळं थोडंच माहीत असायचं. मी मायला फोन लावायचो. 'उलीसं', म्हणजे थोडंसं, तिचं. 'कामून', म्हणजे का, तिचं. "आवंदा पाऊस रुसला" तिचंच. आमच्याकडं 'करायलोय, जायलोय' म्हणतात, आणि लातूर-नांदेडकडं गेलं की तेच 'करूलालो, जाऊलालो' होतं, हा फरकही मी ताईंना समजावला. तात्याची सासुरवाड लातूरकडची दाखवली तेव्हा त्याच्या मेव्हण्याच्या तोंडी त्यांनी 'करूलालो' घातलं. प्रेक्षकांतल्या किती जणांना ते कळलं असेल माहीत नाही. मला कळलं, आणि त्या रात्री मी खोलीत एकटाच येरझारा घालत होतो.

कपड्यांचंही तसंच. ड्रेसदादा ज्याला गमछा म्हणायचे त्याला मी दस्ती म्हणायचो. महिनाभरात सेटवर सगळेच दस्ती म्हणायला लागले. "तात्याची दस्ती कुठाय?" असा पुकारा ऐकला की मला घर जवळ आल्यासारखं वाटायचं.

२०१८ च्या फेब्रुवारीत परभणीच्या उरुसाला गेलो. हजरत तुराबुल हक बाबांच्या दर्ग्याचा हा उरूस म्हणजे आमच्याकडं पंधरा दिवसांची जत्रा, हिंदू-मुसलमान सगळी माणसं येतात. पाळण्याजवळ एक बाई मोठ्यानं ओरडली, "तात्या, उलीसं थांबा की!" आणि तिच्या मागून पन्नास माणसं. सेल्फी झाले, ते होतातच. पण एक म्हातारे शेतकरी बाजूला उभे होते, फोटो नको म्हणाले. माझा हात धरून म्हणाले, "टीव्हीवर आमच्यावानी बोलनारं मानूस पहिल्यांदा बघितलं. न्हाईतर आमच्यावानी बोललं की लोकं हासायचीच." त्यांना जे दिसलं होतं ते मला त्या वेळी पूर्ण दिसलं नव्हतं. मला वाटलं, हे माझं कौतुक आहे.

कंटाळा दुसऱ्या वर्षी सुरू झाला. टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात आणि गुरुवारी सेटवर माणसं कमी बोलतात. २०१९ च्या उन्हाळ्यात आकडे घसरले, वाहिनीनं गोष्ट धाकट्या जोडप्याकडं वळवली. तात्या ओसरीवर मागं उभा राहू लागला. सकाळी सातचा कॉल, नऊला मेकअप करून तयार, आणि दुपारी चारला एक वाक्य: "बरोबर हाय तिचं." असे दिवस महिन्यात आठ-दहा. पैसे तेच मिळत होते, घरी माडी चढत होती, बहिणीचं लग्न झालं होतं. पण आरशात तात्याच दिसायचा आणि मला भीती वाटायची की मिशी काढली तर खाली कोणीच नसेल.

ऑक्टोबरात सिनेमा आला. मुख्य भूमिका, सलग ४५ दिवस, आणि पात्राला मिशी नाही. प्रॉडक्शनच्या ईपींशी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरशी, बोललो. महिन्याला दहा दिवस सोडता येतील, ४५ नाही, असं ते म्हणाले. एपिसोडची बँक चारच भागांची होती, म्हणजे आज शूट केलेलं पाचव्या दिवशी लोकांच्या घरात. त्यात कोणाला दीड महिना बाहेर ठेवायचं म्हणजे कथेत कारण हवं, आणि परत आणताना मिशी हवी. खोटी मिशी लावू म्हटलं. म्हणाले, "क्लोजमध्ये कळतं." त्यांचं म्हणणं रास्त होतं. आज मला ते जास्त रास्त वाटतं.

मेकअप रूममध्ये एक ज्येष्ठ नट होते, मालिकेत माझे चुलते. चाळीस वर्षं नाटकात काढलेली. त्यांनी जेवताना मला सांगितलं, "कंटाळा आलाय तर आठ दिवस गावाकडं जा. कंटाळ्यात राजीनामा लिहू नये, आणि लिहिला तर उशीखाली ठेवावा." मी त्यांना मान हलवली आणि त्याच रात्री ईमेल पाठवला.

सोडण्याची रीत सांगतो, कारण आमच्याकडची पोरं आता मुंबईत जात आहेत आणि हे कोणी सांगत नाही. करारात माझा नोटिशीचा काळ एक महिन्याचा होता. मुदत मोजली जाते ती लेखी कळवल्यापासून, सेटवर तोंडी सांगितल्यापासून नाही. मग दुसऱ्या वाहिनीवर काम न करण्याचं कलम असतं. ते सोडल्यावरही काही महिने लागू राहतं की नाही, हे सही करतानाच वाचायचं असतं. मी वाचलं नव्हतं. माझ्या करारात सहा महिने होते. थकलेले पैसे नव्वद दिवसांच्या हिशोबानंच येतात, म्हणून सोडल्यावर तीन महिने घर चालल्यासारखं वाटतं आणि चौथ्या महिन्यात एकदम शांत होतं. शेवटच्या दिवशीचा हिशोब कागदावर मागून घ्यायचा. मी लाजेपोटी मागितला नाही, नऊ दिवसांचे पैसे आजही आलेले नाहीत.

पुढचा प्रश्न होता तात्याचं काय करायचं. मारायचं, गावाबाहेर पाठवायचं की माणूस बदलायचा? ही चर्चा माझ्यासमोर झाली. आपल्या मरणाची चर्चा ऐकत बसल्यासारखं होतं ते. मला लहानपणची गोष्ट आठवली. २००० च्या जुलैत 'क्यूंकी सास भी कभी बहू थी' सुरू झाली होती आणि रात्री साडेदहाला आमच्या गल्लीतल्या बायका एका घरी जमायच्या. मी मायशेजारी पेंगत बसायचो. तिचा नायक मिहिर मेला तेव्हा त्या घरात खरोखर रडारड झाली. देशभर एवढा गहजब झाला की मिहिरला परत जिवंत करावं लागलं. नंतर अमर उपाध्याय यांनी ती भूमिका सोडली. मिहिर राहिला, आधी इंदर कुमार आणि मग रोनित रॉय यांच्या रूपानं. त्या बायकांनी सुरुवातीला नाकं मुरडली आणि महिन्याभरात मान्य केलं. २०२५ च्या जुलैत ती मालिका नव्यानं आली तेव्हा मिहिर म्हणून अमर उपाध्यायच परतले. मायनं मला ते दाखवायला हाक मारली. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

तात्याच्या बाबतीत ठरलं, माणूस बदलायचा. सातबाऱ्याचा मोठा ट्रॅक त्याच्या नावावर होता, मारणं परवडणार नव्हतं. लूक टेस्ट झाली, चार जणांतून एक निवडला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला एवढी पानं लागली.

१९ डिसेंबरला, माझे शेवटचे दोन दिवस उरले असताना, रात्री नवाच्या सुमारास मला अनोळखी नंबरवरून एक आवाजी निरोप आला. चाळीसेक सेकंदांचा. "दादा, नमस्कार. तुमच्यानंतर तात्या मी करतोय. मी वाईचा. मला तुमची भाषा येत नाही आणि तात्या तर भाषेवरच उभा आहे. पाच-सहा वाक्यं तुमच्या आवाजात बोलून पाठवाल का? कुठं जोर द्यायचा, तेवढं कळलं तरी बास. बाकी मी घोकतो." आवाजात आर्जव होतं. मी तो निरोप दोनदा ऐकला. तेव्हा मी रिक्षात होतो, पाच वाक्यं बोलायला एक मिनिटही लागलं नसतं.

मी उत्तर दिलं नाही.

वेळ नव्हता असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. वेळ होता. माझ्या मनात इच्छा होती की माझ्यामागं तात्या पडावा. लोकांनी म्हणावं, पहिला तो पहिलाच. हे लिहिताना हात थांबतो, पण ते तसंच होतं. आणि मी एक गोष्ट पार विसरलो होतो: ते शब्द माझे नव्हतेच. मायचे होते. उरुसातल्या त्या म्हाताऱ्यांचे होते. मी ते उधार आणले होते आणि पुढच्याला देताना मूठ आवळली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नवा तात्या दिसला. मी तेव्हा सिनेमाच्या शूटिंगला भोरकडं होतो, मिशी काढलेली. रात्री मायला फोन केला आणि विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, "दिसतो चांगला. पर ह्यो आपल्यावानी बोलंना." मग उलीसं थांबून, "बंद केली म्या." तिनं अडीच वर्षं एकही भाग चुकवला नव्हता. लाईट गेली तर शेजाऱ्याच्या मोबाइलवर बघायची.

मी नंतर बघितलं. नट चांगला होता. डोळे बोलायचे त्याचे. पण तात्या "काय करतोयस रं" म्हणत होता, जसं पहिल्या दिवशी कागदावर होतं तसंच. लेखिकाताईंनी सुरुवातीला काही 'कामून' लिहिले होते, ते त्याच्या तोंडात हिंदकळायचे. दहा-बारा भागांत ते गळून गेले. त्याच्याबरोबर मेव्हण्याचं 'करूलालो' गेलं, दस्तीची परत गमछा झाली असणार. तात्या पडला नाही. मालिका पुढं चालली, आकडे होते तेवढेच राहिले. पडलं ते फक्त आमचं बोलणं, आणि ते गेल्याचं आमच्याशिवाय कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग मार्च आला. १९ मार्च २०२० पासून शूटिंग थांबली. आमच्या सिनेमाचे नऊ दिवस बाकी होते. मी २० तारखेला रात्री देवगिरी एक्सप्रेस पकडली आणि सकाळी सेलूला उतरलो. पंधरा दिवसांसाठी आलो होतो, आठ महिने राहिलो. परभणीत एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. लहानपणी ती ऐकून मजा वाटायची. त्या उन्हाळ्यात वावरात पऱ्हाट्या वेचताना ती म्हण डोक्यातून जायची नाही.

नवे भाग नव्हते म्हणून वाहिन्या जुने भाग दाखवत होत्या. आमची मालिका पहिल्या भागापासून लागली. त्यामुळं एप्रिल ते जून रोज रात्री आठला मी पडद्यावर होतो आणि त्याच घरात खाटेवर बसलो होतो. माय एकदा पडद्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. आपल्या तोंडचे शब्द आले की लेकरासारखी खूश व्हायची, "हे म्या सांगितलं होतं." गल्लीतली पोरं ओट्यावर बसून बघायची. मी ते भाग पहिल्यांदाच नीट बघितले. शूटिंगच्या काळात कधी जमलं नव्हतं. मागं उभा राहून "बरोबर हाय तिचं" म्हणणारा तात्याही बघितला. मला सेटवर ते वाक्य फुकट वाटायचं. पडद्यावर तसं दिसलं नाही. पूर्ण घर त्या माणसाच्या होकारासाठी थांबलेलं दिसायचं.

जुलैत नवे भाग सुरू झाले आणि पडद्यावर पुन्हा तो दुसरा तात्या आला. मायनं टीव्ही बंद केला आणि भाकरी टाकायला गेली.

त्याच आठवड्यात मी ईपींना फोन केला. मिशी वाढली होती. परत घेता येईल का, विचारलं. ते चांगले बोलले, अगदी घरच्यासारखे. म्हणाले, "लोकांनी एकदा चेहरा बदललेला मान्य केला. दुसऱ्यांदा नाही करणार. आणि त्या मुलाची काय चूक?" मी गप्प बसलो. त्या मुलाची चूक नव्हती, हे मला त्यांच्याहून जास्त माहीत होतं.

सिनेमा पुढच्या वर्षी पूर्ण झाला. प्रदर्शित झाला नाही. नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली तोवर पैसे लावणारे पांगले होते. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. काम प्रामाणिकपणे केलं होतं, ते एका हार्ड डिस्कमध्ये आहे. आमची मालिकाही त्याच वर्षी संपली.

त्या काळात मी अशा नटांबद्दल मिळेल ते वाचत होतो. आपल्यासारखं कोणी चुकलं आहे का, हे शोधण्याची भूक असते माणसाला. डेव्हिड करुसो हा अमेरिकन नट सापडला. त्याची पोलिसांवरची मालिका 'एनवायपीडी ब्लू' १९९३ मध्ये सुरू झाली, तो १९९४ मध्ये सिनेमासाठी बाहेर पडला, आणि मालिका त्याच्याशिवाय २००५ पर्यंत चालली. तो टीव्हीवर मोठा झाला तो थेट २००२ मध्ये, दुसऱ्या मालिकेत. मनात घर करून राहिला तो मॅक्लीन स्टीव्हन्सन. 'मॅश' या अमेरिकन मालिकेत तो कर्नल हेन्री ब्लेक करायचा. १९७५ मध्ये, तिसऱ्या वर्षाअखेरीस, त्यानं सोडलं. पात्राचं विमान पाडल्याची बातमी सांगून लेखकांनी ब्लेकला कायमचं संपवलं. मालिका १९८३ पर्यंत गेली. स्टीव्हन्सननं नंतर स्वतःच्या बऱ्याच मालिका केल्या, एकही टिकली नाही. पुढं त्यानं कबूल केलं की लोकांचं प्रेम आपल्यावर आहे अशी आपली समजूत होती, प्रत्यक्षात ते हेन्री ब्लेकवर होतं.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. माझ्या बाबतीत ते आणखी एक पायरी खाली होतं. लोकांचं प्रेम माझ्यावर नव्हतं, खरं तर तात्यावरही तेवढं नव्हतं. तात्या मेला असता तर दुसरा कोणी आला असता. त्यांना त्या आठ ते साडेआठच्या अर्ध्या तासात आपलं बोलणं ऐकायचं होतं. ते मी त्यांना दिलं आणि मग काढून घेतलं. सिनेमासाठी भूमिका सोडणं ही चूक होती की नाही, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. त्या चाळीस सेकंदांच्या निरोपाबद्दल मला दुसरी बाजू नाही.

२०२३ मध्ये नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात एका व्यावसायिक नाटकाचा प्रयोग होता. त्यात तो होता, माझ्यानंतरचा तात्या. मी परभणीहून गेलो. तिकीट काढून बघितलं आणि प्रयोगानंतर मागं गेलो. तो मेकअप पुसत होता. मला ओळखून उठून उभा राहिला, "या दादा" म्हणाला, स्वतःची खुर्ची दिली. तो विषय त्यानं काढलाच नाही. काढला असता तर सोपं गेलं असतं. शेवटी मीच म्हणालो, "तुमचा निरोप आला होता. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही."

तो थोडा वेळ कापसाचा बोळा हातात धरून बसला. मग म्हणाला, "मी सोमवारपर्यंत वाट बघितली. पहिल्या सीनच्या आधीपण फोन बघितला. मग दिग्दर्शक म्हणाले, तुझ्या पद्धतीनं बोल." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. पुढं म्हणाला, "मला लोकांनी स्वीकारलं हो. पण तुमच्या भागातून एक पोस्टकार्ड आलं होतं सेटवर. त्यात लिहिलं होतं, तात्याला काय झालं, तो आमच्याशी बोलत नाही."

नाटकाची बस रात्री पुढं लातूरला जाणार होती. आम्ही स्टेशनजवळ जेवलो. मी बिल दिलं, त्यानं देऊ दिलं. बस सुटताना त्याचा नंबर मी पुन्हा नावानिशी साठवला; इतके दिवस तो नुसता आकडा होता.

आता मी परभणीत असतो. पोरांना घेऊन एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटकं बसवतो, महिन्यातून एक-दोनदा मुंबईला डबिंगला जातो. अधूनमधून मालिकांत चार-सहा दिवसांची कामं येतात. पोलीस पाटील, वकील, मुलीचा मामा. कोणी "गावाकडचं बोला" म्हटलं की मी आधी विचारतो, कोणत्या गावाकडचं?

त्याचे निरोप येतात. गेल्या दिवाळीपासून तो एका नव्या नाटकात जालन्याकडच्या माणसाची भूमिका करतो आहे, आणि वाक्यं पाठवतो. मी बोलून परत पाठवतो, तो घोकतो. एखादं चुकलं तर रात्री बारालासुद्धा मी फोन करतो. परवा त्यानं विचारलं, "दादा, 'कशाला' आणि 'कामून' सारखंच ना? कुठं कुठलं वापरू?" मला नीट सांगता येईना. माय ओट्यावर तूर निवडत होती. मी फोन तिच्यापुढं धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "'कशाला आलास' म्हणलं की मानूस माघारी जाईल. 'कामून आलास' म्हणलं की बसंल, पानी पिईल, मंग सांगंल. त्या पोराला म्हणावं, उलीसं वढून म्हण. कामू-ऊन."

मी ते जसंच्या तसं त्याला पाठवून दिलं.